डोहाळजेवणातले खेळ आणि बक्षिसं : जिंकायचं कुणी आणि काय?

कशेडीत बोलायला उभं राहिलं की आम्हाला जरा अवघडल्यासारखं होतं. शहरातल्या सभागृहात कुणी आमचं लहानपण पाहिलेलं नसतं. इथं पुढच्या रांगेतल्या दोन-तीन आजींनी आम्हाला चड्डी सावरत शाळेत पळताना पाहिलंय. (हशा) एक मात्र बरं झालं. बोगदा झाल्यापासून घाटातल्या ट्रकांचा आवाज कमी झालाय, त्यामुळं माईकशी झगडावं लागत नाही.

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही. महिला मंडळाच्या बायका घरी आल्या आणि म्हणाल्या, "सर, डोहाळजेवणाला खेळ कुठले घ्यावेत आणि बक्षीस काय ठेवावं, एवढं सांगा. मोबाईलवर तेच तेच बघून कंटाळा आलाय." आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आधी हसलो. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गेल्याच महिन्यात आमच्या घरी पुतणीचं डोहाळजेवण झालं, त्यामुळं तो डोक्यात ताजाही होता.

आधी शब्दाकडं बघू. डोहाळे हा शब्द संस्कृतातल्या 'दोहद'वरून आला. त्याचं नातं दोन हृदयांशी लावतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलंय, की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून त्या बाईच्या ठिकाणी दोन हृदयं असतात, आणि तिच्या इच्छा पुरवाव्यात. म्हणजे तिला जे खावंसं वाटतं ते तिच्या एकटीचं मागणं नाही, दुसराही कुणी मागतोय, अशी ही कल्पना. वैद्यकशास्त्र म्हणून ती आज कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न. पण तिच्यात एक शहाणपण आहे : वर्षभर ज्या बाईला 'तुला काय हवंय' असं कुणी विचारत नाही, तिला निदान या काही महिन्यांत विचारायची सोय समाजानं करून ठेवली.

कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणेला माती खाविशी वाटते, आणि राजाला तिच्या तोंडाला मातीचा वास येतो. आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी भाजलेली माती, पाटीवरची पेन्सिल चोरून खाल्लेली आहे. तेव्हा राणी असो की आमची शेजारीण, भूक एकच. फरक इतकाच, की माती खाविशी वाटण्यामागं पुष्कळदा रक्तातल्या लोहाची कमतरता असते. म्हणून हा डोहाळा पुरवायचा नाही, अंगणवाडीच्या ताईंना नाहीतर आशाताईंना सांगायचा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. हे आम्ही विषय सोडून बोललो. पण बोलायलाच हवं होतं.

आता समारंभ. सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसवायची, फुलांचे दागिने घालायचे, झोपाळ्यावर बसवायचं. कुणी चांदण्यातलं करतं, कुणी बागेतलं, कुणी होडीतलं. आणि ओटी भरायची : तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, खारीक. कोकणात घराच्या पुढच्या भागालाही ओटीच म्हणतात. बाहेरचा माणूस घरात येतो तो ओटीवरून. पोटातलं मूलही अजून ओटीवरच थांबलेलं आहे, असं आमच्या आईचं म्हणणं असे. व्युत्पत्ती म्हणून ते खरं नसेल, पण आम्हाला ते आवडतं.

या सगळ्यात खेळ कुठून आले? उखाणे होते, डोहाळ्याची गाणी होती. पण संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, एका मिनिटात किती टिकल्या लावता येतात, बाहुलीला लंगोट बांधणं, पोटाचा घेर दोरीनं ओळखणं, हे आमच्या आईच्या काळात नव्हतं. २००४ साली 'होम मिनिस्टर' टीव्हीवर सुरू झालं, घरोघरच्या वहिनी पैठणीसाठी खेळायला लागल्या, आणि हळदीकुंकू असो की बारसं, तिथं 'खेळ' आणि 'बक्षीस' ही जोडी येऊन बसली. आम्ही त्याला नावं ठेवत नाही. चूल आणि शेत सोडून बाई चारचौघांत खिदळते, यात वाईट काय आहे?

पण खेळ म्हणजे नेमकं काय, ते पाहायला हवं. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस नावाचे फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ होते. १९६२ सालच्या एका ग्रंथात त्यांनी खेळ आणि विधी यांत फार मार्मिक फरक केला. खेळ सुरू होताना सगळे सारखे असतात. नियम सर्वांना एक, संधी एक. खेळ संपतो तेव्हा एक जिंकलेला असतो आणि बाकीचे हरलेले. म्हणजे खेळ सारख्यांना वेगळं करतो. विधी याच्या उलट. सुरुवातीला लोक वेगवेगळे असतात, कुणी सासू, कुणी सून, कुणी शेजारीण, कुणी पाहुणी. विधी संपेपर्यंत ते एका बाजूला आलेले असतात. त्यांनी उदाहरण दिलं न्यू गिनीतल्या गाहुकू-गामा लोकांचं. ते लोक फुटबॉल शिकले, पण दोन्ही बाजूंचे विजय सारखे होईपर्यंत कित्येक दिवस सामने खेळत राहायचे. त्यांनी खेळाचा विधी करून टाकला.

हे आपल्याला परकं वाटायला नको. हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. शब्द 'लुटतो' आहे, पण लूट कुणाचीच होत नाही. प्रत्येकीला तेच : एक वाटी, नाहीतर एक कंगवा, नाहीतर गाळणं. कुणी जास्त हळदीकुंकू लावलं म्हणून दोन गाळणी मिळत नाहीत. वाण हा विधीचा भाग आहे आणि बक्षीस खेळाचा. गंमत अशी, की 'बक्षीस' हा फारसीतून आलेला शब्दही मुळात देणगी याच अर्थाचा आहे. जिंकण्याशी त्याची सांगड नंतर पडली.

आता डोहाळजेवण हा विधी आहे. तिथं जमलेल्या सगळ्यांनी त्या एकीच्या बाजूनं उभं राहायचं, यासाठी तो आहे. त्यात खेळ घातला, की सारख्यांना वेगळं करणारी एक गोष्ट आपण आत आणली. थोडी आणली तर मीठ घातल्यासारखी चव येते. जास्त झाली तर घरी जाताना बायका म्हणतात, "तिच्याच जावेला बक्षीस दिलं, आधीच ठरलेलं होतं." हे तुम्ही ऐकलंय. आम्हीही ऐकलंय. (हशा)

पण एक खेळ असा आहे की ज्यात बायका जिंकत-हरत नाहीत, पोटातलं मूलच जिंकतं किंवा हरतं. दोन वाट्या. दोन्हींवर झाकण. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. जिचं डोहाळजेवण तिनं एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तुम्ही म्हणाल, सर, गंमत असते ती. असते. तर मग आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो.

१९९० च्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आमच्या वहिनीला दोन मुली झालेल्या होत्या आणि तिसऱ्यांदा दिवस गेले होते. तिसऱ्या खेपेला कुणी डोहाळजेवण करत नाही, पण आत्यानं हट्टानं केलं. आम्ही सुट्टीला आलो होतो. याच गावात, आमच्या ओटीवर, पंचवीसेक बायका. वाट्या आल्या. सगळ्या गप्प. वहिनीनं झाकण उचललं, पेढा निघाला. टाळ्या, हसणं, आत्याच्या डोळ्यांत पाणी. संध्याकाळी भांडी आवरताना वहिनीनं दुसरी वाटी उघडून पाहिली. तिच्यातही पेढाच होता.

आत्यानं हे मायेपोटी केलं, यात आम्हाला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. भरल्या सभेत सुनेचं तोंड उतरायला नको, एवढाच तिचा हेतू. पण विचार करा, त्या मायेनं काय सांगितलं. बर्फी निघाली असती तर ती हार झाली असती, हे सगळ्यांना इतकं पक्कं माहीत होतं की कुणी बोलायचीही गरज नव्हती. खेळातल्या दोन्ही बाजू सारख्या असत्या तर फसवायची गरजच काय होती?

दोन महिन्यांनी मुलगी झाली. घरात कुणी पेढे वाटले नाहीत, बर्फीही वाटली नाही. आम्ही तेव्हा महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवत होतो. समतेवर तासन्‌तास बोलत होतो. आम्हीही महाडच्या बाजारातून बर्फीचा एक पुडा आणला नाही. तार आली, 'कन्या, दोघी सुखरूप', ती घडी घालून खिशात ठेवली आणि तासाला गेलो. वहिनीनं दुसऱ्या वाटीची गोष्ट आम्हाला सांगितली ती जवळजवळ तीस वर्षांनी.

आता तर्काच्या दृष्टीनं बघा. बायका म्हणतात, 'काय होईल ते बघू.' जणू अजून ठरायचंच आहे. ॲरिस्टॉटलनं उद्याच्या सागरी युद्धाचं उदाहरण देऊन प्रश्न विचारला होता : उद्या युद्ध होईल, हे विधान आज खरं की खोटं? पण आपला प्रश्न त्या जातीचा नाही. मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणी, बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरून गेलेलं असतं. सातव्या महिन्यात ते उद्याचं युद्ध नसतं, कालचं असतं. फक्त आपल्याला निकाल माहीत नसतो. आणि जे ठरलेलं आहे, त्याचं श्रेय किंवा दोष वाटी उचलणाऱ्या बाईच्या हातावर टाकायचा, हा या खेळातला खरा अन्याय आहे.

न कळलेलं तसंच राहू द्यावं, हे आपल्याकडं कायद्याला सांगावं लागलं. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमलात आला १९९६ पासून. त्यात असं आहे, की गर्भाचं लिंग शब्दांनी, खुणांनी किंवा इतर कोणत्याही रीतीनं सांगायचं नाही. 'खुणांनी' हा शब्द का घालावा लागला असेल, याचा तुम्हीच विचार करा. आणि तरीही शून्य ते सहा वयोगटात महाराष्ट्रात हजार मुलांमागं मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ झाल्या, २०११ मध्ये ८९४. वाटीतल्या पेढ्यानं हे आकडे खाली आणले, असं आम्ही म्हणत नाही. खेळानं कुणी मरत नाही. पण ज्या घरात तो पेढा जिंकतो, त्याच घरातून माणसं तपासणीला जातात.

अमेरिकेत मुलगा की मुलगी हे जाहीर करायचाच समारंभ निघाला. २००८ च्या सुमारास केक कापून आतला रंग दाखवण्यापासून सुरुवात झाली, पुढं रंगीत धूर, फटाके. २०२० च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात अशाच एका समारंभातल्या धुराच्या नळकांड्यानं वणवा लागला, हजारो एकर जंगल जळलं, आग विझवणारा एक जवान गेला. ज्या बाईच्या केकपासून ही टूम पसरली, तिनं स्वतःच नंतर खेद व्यक्त केला. तेव्हा मोबाईलवर दिसेल ते सगळं घाटावर आणायचं कारण नाही.

बरं, मग खेळ घ्यायचेच नाहीत का? घ्यायचे. गेल्या महिन्यात ज्या पुतणीचं डोहाळजेवण झालं, ती तीच. १९९० ची. आता पनवेलला नोकरी करते. ती आम्हाला म्हणाली, "काका, दोन वाट्या ठेवू नका म्हटलं तर आईला वाईट वाटेल, आणि ठेवल्या तर मला नकोत." आम्ही मोठं भाषण तयार केलं होतं. वहिनीनं ते करूच दिलं नाही. तिनं वाट्या ठेवल्या. एकीत नाचणीचा लाडू, दुसरीत शेंगदाणा-गुळाचा. पुतणीनं नाचणीचा उचलला. एका काकूंनी विचारलं, "म्हणजे मुलगा का मुलगी गं?" वहिनी म्हणाली, "म्हणजे कॅल्शियम. दुसरा उद्या खाईल." (हशा, टाळ्या)

आम्हाला त्या दिवशी आवडलेला खेळ सांगतो. प्रत्येकीनं चिठ्ठीवर लिहायचं : हिला सध्या सगळ्यात जास्त काय खावंसं वाटतंय? उत्तर तिनं आधीच लिहून पाकिटात ठेवलेलं. याचं सौंदर्य काय? या प्रश्नाचं उत्तर जगात एकाच व्यक्तीकडं आहे. तिथं सासू मोठी नाही, डॉक्टर मोठा नाही, आम्ही तर नाहीच. साऱ्या बायकांनी चिंचा, कैरी, आवळा लिहिलं. पाकिटात निघालं : सुकट घातलेलं वांगं आणि तांदळाची भाकरी. जिंकलं कुणीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीन घरांतून सुकट-वांगं आलं. बक्षीस कुणाला मिळालं म्हणायचं?

दुसरा खेळ तुमच्या ओळखीचा. ताटात वीस वस्तू मांडायच्या, मिनिटभर बघायच्या, रुमाल टाकायचा, आणि आठवून लिहायच्या. आम्ही एवढंच सुचवलं, की ताटात पिना, बटणं, बटाटे कशाला? दवाखान्यात न्यायच्या पिशवीतल्या वस्तू ठेवा. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे नि रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, दोन सुती गाऊन, पॅड, बाळाची टोपडी, मऊ दुपटी, मोबाईलचा चार्जर, बॅटरी, पाण्याची बाटली, १०२ आणि १०८ हे नंबर लिहिलेला कागद. घाटात पावसात रात्री कळा सुरू झाल्या तर घरातल्या कुणालाही ही यादी पाठ असली पाहिजे. खेळातून झाली. आणि या खेळाचं बक्षीस ताटातल्या वस्तू. जिंकेल तिनं त्या घ्यायच्या नाहीत, तिनं ती पिशवी भरून गरोदर बाईच्या खुंटीला टांगायची.

तिसरा खेळ नाही, कामच आहे. प्रत्येकीनं जुन्या मऊ लुगड्याचा एक तुकडा आणायचा आणि गप्पा मारत चार टाके घालायचे. बाळाची गोधडी होते. टाका वाकडा गेला तरी चालतं.

नको कुठले? पळायचे, ढकलाढकलीचे, फुगे फोडायचे नकोत. सातव्या महिन्यातल्या बाईला तासभर उभं करून औक्षण करू नका, पाठीला टेकण असलेली खुर्ची द्या, मध्ये पाणी द्या. पाचजणी पाच पेढे तोंडात कोंबतात तेही नको, काहींना गरोदरपणातला मधुमेह असतो. अळीव, डिंक बाळंतपणानंतरचे, ते आधी देऊ नका. पोटाचा घेर ओळखायच्या खेळाबद्दल विचाराल, तर आमचं मत असं : तिला आधी एकांतात विचारा. ती हसून हो म्हणाली तर घ्या. चारचौघांत विचारलंत तर ती हो म्हणणारच, आणि त्या हो ला काही अर्थ नाही.

आता अवघड गोष्ट. डोहाळजेवणाला कोण येत नाही, ते बघा. जिचा नवरा गेला ती येत नाही. जिला मूल झालं नाही ती पाणी आणते, चहा देते, ओटी भरायच्या वेळी स्वयंपाकघरात जाते. तिला कुणी 'जा' म्हणत नाही. ती आपणहून जाते, आणि आपण तिला जाऊ देतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला, आणि शासनानं परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. पण ठराव ओटीवरून माजघरात पोचायला वेळ लागतो. आमच्या घरी पहिली ओटी वहिनीनं भरली. आमचे बंधू जाऊन चार वर्षं झाली. दोघी-तिघी कुजबुजल्या. पुतणी म्हणाली, "माझी ओटी आहे, मी ठरवणार." इथं खेळ उपयोगी पडतो, बघा. चिठ्ठ्या टाकून ओटी भरायचा क्रम ठरवा. चिठ्ठीला कुणाचं कपाळ दिसत नाही.

बोला, कुणाचे प्रश्न आहेत?

(श्रोत्यांतून : "सर, पैठणी ठेवली तर चालेल का?")

ठेवा की. पण एक पैठणी नि एकोणचाळीस रिकामे हात, यापेक्षा चाळीसजणींना एकेक किलो नाचणीचं पीठ बरं. आणि पैठणीच घ्यायची असेल तर मंडळाची म्हणून घ्या. जिचं डोहाळजेवण ती नेसेल, मग पुढची.

(श्रोत्यांतून : "नवरे मुंबईला असतात. त्यांना कसं घ्यायचं खेळात?")

व्हिडिओ कॉल लावा आणि ताटातल्या वस्तू त्याला विचारा. आठवल्या नाहीत तर पुन्हा विचारा. आमच्या जावयाला वीसांपैकी सहा आल्या, त्यात एक चार्जर. (हशा) आम्हालाही त्या दिवशी बाहुलीला लंगोट बांधायला लावलं. तो सुटला. तेव्हा जावयाला हसायचा अधिकार आम्हाला नाही. आणि त्याला एक प्रश्न जरूर विचारा : रात्री दोन वाजता कळा आल्या आणि ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार असेल, तर पोलादपूरपर्यंत गाडी कुणाची? त्याला माहीत नसेल तर इथं कुणाला तरी माहीत हवं. इथं कुणाची गाडी आहे?

(मागून एकजण : "माझी रिक्षा आहे. कधीपण.")

ताई, यांचा नंबर मंडळाच्या वहीत घ्या. आत्ताच घ्या, चहा नंतर.